हायड्रोटॅल्साइट: पाइपच्या लाइनवर आठ महिने

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात आमची रिजिड पीव्हीसी पाइपची एकच लाइन आहे. पीव्हीसी तापताना बिघडू नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात, आमचा शिशाचा होता. पाइपांतलं शिसं बंद करणारे केंद्राचे 2021 चे नियम आले तसं शिसं सोडून कॅल्शियम-झिंकवर आलो आणि एक धास्ती मागं लागली. लाईट गेली की बॅरलमधला, म्हणजे स्क्रू फिरतो त्या तापलेल्या नळकांड्यातला, माल जळणार. शिशावर माल हळूहळू पिवळा पडायचा, हाताशी वेळ असायचा. झिंकवर बराच वेळ पांढराच दिसतो आणि मग एकदम काळा. स्क्रू काढून घासण्यात अख्खी पाळी जायची.

पीव्हीसीत वजनानं जवळपास 57 टक्के क्लोरीन. तापलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि तेच पुढच्या मालाला बिघडवतं. झिंकचं त्यात झिंक क्लोराइड होतं, ते आगीत तेल. हायड्रोटॅल्साइट हे मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचं थराथराचं खनिज. ते आम्ल मारतं आणि क्लोराइड आपल्या थरांत धरून ठेवतं.

मार्चपासून 100 किलो रेझिनमागे (पीव्हीसीचा कच्चा माल) त्याची 1 किलो पावडर घालतोय. आधी ओव्हनमध्ये 190 अंशांवर पट्ट्या ठेवून पाहिल्या, नवी पट्टी स्पष्टपणे उशिरा काळी पडली. खरी परीक्षा मे महिन्यात झाली. वळवाच्या पावसात लाईट गेली, आमचा ऑपरेटर म्हणाला, "मालक, आता स्क्रू काढायलाच लागतोय." लाईट आल्यावर पिवळट माल थोडा वेळ बाहेर सोडला आणि पाइप सुरू. स्क्रू काढावा लागला नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

जुलैत मात्र फजिती झाली. आपल्याकडचा पाऊस आणि उघडी राहिलेली पिशवी! पावडर दमट झाली, पाइपात बारीक बुडबुडे आले. शिवाय 200 अंशांच्या आसपास या खनिजाच्या थरांतलंही पाणी सुटू लागतं, म्हणून डाय (पाइपला आकार देणारं तोंड) 190 च्या खालीच ठेवतो. पिशवी आता झाकणाच्या पिंपात असते आणि पावडर हॉट मिक्सरमध्ये 115 अंशांपर्यंत नीट फिरवतो.

एका गिऱ्हाइकानं विचारलं, मग हा पाइप गरम पाण्याला चालेल का? अजिबात नाही. साधा पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो, यानं त्यात काही बदल होत नाही. गरम पाण्याला सीपीव्हीसीच (जादा क्लोरीनचा पीव्हीसी) घ्या. हे दुकानदारांनीही सांगायला हवं, कारण गैरसमजानं बसवलेला पाइप भिंतीच्या आत वाकतो.

पावडर महाग आहे. दीड किलोपर्यंत वाढवून पाहिलं, आमच्या मालात आणखी फरक दिसला नाही, म्हणून परत एकावर आलो.