पुण्याची फिल्म संस्था : चित्रपटनिर्मितीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

पदवी मिळाल्यानंतर चित्रपटनिर्मितीचे शिक्षण कुठे घ्यावे, असे विचारणाऱ्या मुलामुलींना मी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचे नाव आजही सर्वांत आधी सांगते. मात्र संस्थेची कीर्ती ऐकून अर्ज करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तिथे प्रत्यक्षात काय शिकवले जाते आणि कोणता भाग शिकायचा राहून जातो याची कल्पना नसते, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. मी याच संस्थेत संकलन शिकले आणि आजही संकलनच करते, त्यामुळे माझी नजर संकलकाची आहे हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

कोल्हापूरहून 1933 साली पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात 1960 मध्ये ही संस्था सुरू झाली. दिग्दर्शन आणि पटकथालेखन, छायाचित्रण, संकलन, ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचना, तसेच कला दिग्दर्शन या शाखांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचे आहेत. बहुतेक शाखांसाठी पदवी कोणत्याही विषयातील चालते, पण प्रत्येक शाखेत जागा फार थोड्या असल्याने प्रवेशाची स्पर्धा कठीण असते. संस्था केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, आणि तिचे शुल्क मुंबईतील खासगी चित्रपट विद्यालयांपेक्षा पुष्कळच कमी आहे.

या अभ्यासक्रमाचे खरे मोल मला त्याच्या सरावपटांत दिसते. सुरुवातीच्या टप्प्यात सर्व शाखांचे विद्यार्थी एकत्र शिकतात, म्हणजे पुढे केवळ ध्वनी करणाऱ्यालाही कॅमेरा हाताळावा लागतो आणि छायालेखकाला संकलनाच्या टेबलावर बसावे लागते. त्यानंतर प्रत्येक शाखेतील एकेक विद्यार्थी घेऊन छोटे युनिट तयार होते आणि त्या युनिटाने ठरवून दिलेल्या मर्यादेत चित्रपट करायचा असतो. किती शिफ्टमध्ये चित्रीकरण संपवायचे, किती फुटेज वापरायचे आणि तयार चित्रपट किती मिनिटांचा असावा, हे आधीच निश्चित असते. एका सरावात दृश्यांचे सातत्य सांभाळायचे असते, दुसऱ्यात संवाद, आणखी एकात गाण्याचे चित्रीकरण, असे करत करत विद्यार्थी शेवटच्या वर्षीच्या डिप्लोमा फिल्मपर्यंत, म्हणजे पदविकेसाठी करायच्या चित्रपटापर्यंत, पोहोचतो.

संकलन शिकणाऱ्यासाठी ही पद्धत फारच मोलाची आहे. आपल्याच वर्गमित्राने चित्रित केलेले रशेस, म्हणजे न कापलेले कच्चे चित्रीकरण, टेबलावर येतात, पात्राने दाराकडे पाहिल्याचा शॉट घ्यायचा राहिलेला असतो, पुन्हा चित्रीकरण करण्याची मुभा नसते, आणि दृश्य तर उभे राहायलाच हवे असते. अशा वेळी दिग्दर्शक आपल्या आवडत्या लांबलचक शॉटसाठी अडून बसतो, ध्वनी करणारा म्हणतो की दाराचा आवाज आधी ऐकवला तर पाहण्याचा शॉट लागणारच नाही, आणि त्या वादातून दृश्याची रचना सापडते. दृश्य कापावे कुठे हे पुस्तकातून कळते, पण दुसऱ्याची मेहनत कापताना त्याला ते कसे पटवून द्यावे हे अशा टेबलावरच शिकता येते, आणि व्यवसायात नेमके हेच कौशल्य रोज लागते. रेणू सलुजा यांच्यासारख्या संकलक याच शाखेतून पुढे आल्या, याचा मला विद्यार्थिनी असतानाही आधार वाटत असे.

चित्रपट पाहण्याची शिस्त हे इथले दुसरे मोठे देणे आहे. याच लॉ कॉलेज रस्त्यावर 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि त्याच्या सान्निध्याचा संस्थेला सतत लाभ होत आला. बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक इथे शिकवत असत. आवारातील ज्या आंब्याखाली ते विद्यार्थ्यांशी बोलत, त्याला आजही ‘विजडम ट्री’ म्हणतात. झाडाचे कौतुक जरा अतीच होते असे मला वाटते. अंधाऱ्या सभागृहात चित्रपट पाहून त्याच रात्री त्यावर भांडणारे सहाध्यायी मला त्याहून महत्त्वाचे वाटतात.

तीन वर्षे देणे ज्यांना शक्य नाही त्यांनी दूरचित्रवाणी विभागाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम कमी प्रतीचे मानू नयेत. 2024 मध्ये कान महोत्सवाच्या ला सिनेफ या विद्यार्थी विभागात चिदानंद नाईक यांच्या ज्या कन्नड लघुपटाला पहिला पुरस्कार मिळाला, तो याच एका वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या चार शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून केलेला होता. त्याच महोत्सवात संस्थेच्या माजी विद्यार्थिनी पायल कपाडिया यांना ग्राँ प्री हा मुख्य स्पर्धेतील दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला.

उणिवाही तितक्याच गंभीर आहेत. तीन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत संपेल असे पूर्वी गृहीत धरता येत नसे: 2008 च्या तुकडीच्या डिप्लोमा फिल्म 2015 मध्येही अपुऱ्या होत्या आणि त्यांच्या मूल्यमापनावरून प्रकरण विद्यार्थ्यांच्या अटकेपर्यंत गेले. त्याच वर्षी संस्थेच्या अध्यक्षपदाच्या नियुक्तीविरोधात विद्यार्थ्यांचा 139 दिवसांचा संप झाला. डिसेंबर 2019 मध्ये शुल्कवाढीच्या प्रश्नावर विद्यार्थी उपोषणाला बसले. आंदोलनांमागची कारणे मला रास्त वाटतात. तरीही कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या पालकांनी वेळेचा हिशेब करताना हा इतिहास ध्यानात घ्यावा. शिकवणे बहुतांशी इंग्रजीत आणि हिंदीत चालते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी चित्रपटविषयक इंग्रजी वाचनाची सवय आधीच लावून घेतलेली बरी.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. चित्रपट घडवणारी जवळजवळ प्रत्येक कला इथे शिकवली जाते, पण निर्मात्याच्या कामासाठी तीन वर्षांची स्वतंत्र शाखा नाही. अंदाजपत्रक बांधणे, कलाकारांच्या तारखा जुळवणे, करारनामा वाचणे, प्रमाणन (सेन्सॉर) मंडळाचे सोपस्कार आणि वितरकाशी बोलणी यांचे पद्धतशीर शिक्षण मिळाले असते तर माझ्या ओळखीच्या कितीतरी गुणी दिग्दर्शकांचे पहिले चित्रपट अडून राहिले नसते. मराठी चित्रपटाला तर याची गरज अधिकच आहे, कारण मर्यादित खर्चात चित्रपट पुरा करणे, राज्य शासनाच्या अनुदानासाठी कागदपत्रे सादर करणे आणि चित्रपटगृहांत सोयीच्या वेळेचे खेळ मिळवणे ही कामे इथे बहुधा एकाच माणसावर येऊन पडतात. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये निर्मितीची स्वतंत्र शाखा आहे, तेव्हा ज्यांना निर्माताच व्हायचे आहे त्यांनी घराजवळचे म्हणून पुणे निवडण्याऐवजी त्या शाखेचा विचार करावा. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी किंवा कला दिग्दर्शन शिकू इच्छिणाऱ्यांनी पुण्यासाठी प्रवेशपरीक्षा अवश्य द्यावी, आणि प्रवेश मिळाल्यास शेवटच्या वर्षापूर्वीच्या सुट्टीत एखाद्या मराठी चित्रपटाच्या निर्मिती व्यवस्थापकाच्या हाताखाली काम करून हिशेबाची बाजू स्वतःहून शिकून घ्यावी.