अंधारात उजळणारं हीट ट्रान्सफर व्हिनाइल : काही महिन्यांच्या वापरानंतर

टी-शर्ट, हुडी आणि कापडी पिशव्यांवर हे व्हिनाइल, म्हणजे आकारात कापून उष्णतेने कापडावर चिकटवायची फिल्म, काही महिने वापरल्यावर एक मत पक्कं झालं आहे. रात्री डिझाइन किती उजळणार, हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: आकार किती भरीव आहे आणि त्याच्या खाली कोणता रंग आहे. रोल कुठल्या कंपनीचा, हा प्रश्न त्यानंतरचा. फक्त रंगद्रव्य कोणतं आहे ते विचारून घ्या. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असेल तरच घ्या. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये ते पुढे आणलं. जुनं झिंक सल्फाइड फार लवकर मंदावतं.

फिल्ममधली या रंगद्रव्याची पूड अतिनील आणि निळा प्रकाश शोषते आणि तो हिरवट उजेडाच्या रूपात सावकाश सोडते. म्हणजे पूड जितकी जास्त, तितका उजेड जास्त. १ मिमीच्या रेषेत पूड कितीशी असणार? शिवाय अंधारात आपल्या डोळ्यांना बारकावे टिपता येत नाहीत. म्हणून रेषा किमान ३ मिमी जाड ठेवा आणि अक्षरांमधली मोकळी जागाही तेवढीच सोडा. नाहीतर दिवसा सुबक दिसणारं नाव रात्री नुसता हिरवा पट्टा होतो.

काळ्या कपड्यावर लावायचं असेल तर खाली पांढरा थर हवाच. फिल्म अर्धपारदर्शक असते, त्यामुळे आत जाणारा प्रकाश काळं कापड गिळून टाकतं. पांढरा थर तो परत वर पाठवतो. साधं, पातळ, गुळगुळीत पांढरं व्हिनाइल घ्या, ग्लिटर किंवा फुगणारं नको. हा थर सगळ्या बाजूंनी १ मिमी मोठा कापला की जागा किंचित सरकली तरी झाकली जाते. तो हीट प्रेसखाली (गरम करून दाबणाऱ्या यंत्रात) २-३ सेकंदच दाबा, पूर्ण वेळ वरच्या थराला द्या. ग्लो फिल्मवर मात्र दुसरं काहीही चिकटवू नका. दोन थरांमुळे छातीवरचं मोठं डिझाइन ताठ होतं, हे खरं आहे. पण एकेरी थराचा फिका उजेड पाहिल्यावर तो ताठपणा पत्करावासा वाटतो.

कटिंग मशीनवर कापताना त्रास होतो. फिल्म जाड आणि पुडीचे कण कठीण, त्यामुळे ब्लेडची धार लवकर जाते. ६० अंशांचं ब्लेड लावा आणि एकदाच जोर देण्यापेक्षा कमी दाबाने दोनदा कापा. डिझाइन मिरर करायला, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं करायला विसरू नका. फिल्म धरून ठेवणारी कॅरिअर शीट कापताना खाली ठेवायची. काही रोलच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, तेव्हा कोपरा सोलून पाहा, सुटणारा पारदर्शक पापुद्रा म्हणजे कॅरिअर.

प्रेसचं तापमान रोलसोबतच्या सूचनेप्रमाणेच ठेवा. सुती कपड्यासाठी ते साधारण १५०-१६० अंश सेल्सिअस, मध्यम दाब आणि १०-१५ सेकंद असतं. आधी कपडा ३-५ सेकंद नुसता दाबून ओलावा काढा. शिवण किंवा चेन आड येत असेल तर आतून प्रेसिंग पिलो (प्रेससाठीची मऊ उशी) घाला, नाहीतर दाब तिथेच अडतो आणि बाजूची कड सुटते. कॅरिअर गरम काढायचं की गार, हेही रोलनुसार बदलतं. कड उचललीच तर टेफ्लॉन शीट ठेवून पुन्हा काही सेकंद दाबा. गडद पॉलिस्टरचा रंग उष्णतेने सुटून पांढऱ्या थरात चढतो; त्यासाठी कमी तापमानाला चिकटणारं व्हिनाइल घ्या. पाणी न शोषणाऱ्या कोटिंगच्या जॅकेटवर हे टिकत नाही. घरच्या इस्त्रीने छोटा लोगो जमतो, मोठ्याला सारखा दाब मिळत नाही.

डिझाइनने प्रकाश साठवून घ्यायला उन्हात काही मिनिटं पुरतात, यूव्ही टॉर्चने तर काम सेकंदांत होतं. पांढऱ्या एलईडीला जास्त वेळ लागतो आणि लाल दिव्याचा काहीच उपयोग नाही. पहिली काही मिनिटं उजेड जोरदार असतो, मग झपाट्याने उतरतो आणि पुढे बराच वेळ मंद राहतो. हा मंद उजेड दिसायला डोळे अंधाराला सरावलेले हवेत, त्याला २०-३० मिनिटं लागतात. हिरवा रंग सर्वांत प्रखर, निळसर त्याच्या मागोमाग. नारिंगी-जांभळ्याने निराशा होते.

पहिल्या धुण्याआधी २४ तास थांबा. कपडा उलटा करून गार पाण्यात धुवा. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. एवढं पाळलं तर उजेडात डोळ्याला जाणवण्याइतकी घट दिसली नाही. बिघाड होतो तो ताणामुळे: कोपर, बगल, अंगाला घट्ट बसणारी स्ट्रेच कापडं. तिथे भेगा पडतात, आणि उघड्या पडलेल्या पुडीला पाणी मानवत नाही.

रात्री धावण्याच्या किंवा सायकलच्या कपड्यांवर सुरक्षिततेसाठी याच्यावर विसंबू नका. रस्त्यावरच्या दिव्यांखाली हा उजेड दिसतच नाही. गाडीच्या हेडलाइटचा प्रकाश चालकाकडे परतवणारी रिफ्लेक्टिव्ह पट्टी वेगळी लावा, आणि ती ग्लो डिझाइनवर न चढवता थेट कापडावर.