पॉइंट कुठल्या रिसॉर्टचे घ्यावेत? सोलापूरहून दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही एका हॉलिडे क्लबचे वर्षाला ५०० पॉइंट घेतले, मुदत २० वर्षं. डिसेंबर संपत आलाय, पहिल्या वर्षाचा हिशेब माझ्या वहीत लिहून झालाय, म्हणून आता बोलते. क्लबचं नाव देत नाही. मला जे सांगायचंय ते पॉइंटवर चालणाऱ्या कुठल्याही क्लबला लागू पडतं: पॉइंट घ्यावेत की नाही याच्या इतकाच मोठा प्रश्न असतो की ते कुठल्या रिसॉर्टच्या नावावर घ्यावेत. क्लबच्या विक्रीच्या प्रेझेंटेशनमध्ये तीन तासांत यावर पाच मिनिटंही कोणी बोललं नाही.

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वीच्या टाइमशेअरमध्ये, म्हणजे रिसॉर्टमधल्या खोलीचा हक्क वाटून घेण्याच्या पद्धतीत, वर्षातला ठराविक आठवडा मिळायचा. पॉइंटमध्ये दर वर्षी खात्यात पॉइंट जमा होतात आणि प्रत्येक रात्रीची किंमत वेगळी असते: सीझन, वार आणि खोलीच्या आकारानुसार. पण करार एका रिसॉर्टशी बांधलेला असतो, त्याला होम रिसॉर्ट म्हणतात. आमच्या क्लबात होम रिसॉर्टचं बुकिंग नऊ महिने आधी उघडतं, बाकीच्या ठिकाणांचं चार महिने आधी. या पाच महिन्यांच्या फरकात सगळं येतं.

मला हे कळलं ते आमच्या वन्संमुळे. त्या ऑरलँडोजवळ राहतात आणि डिस्नेच्या व्हेकेशन क्लबच्या जुन्या सभासद आहेत. तो क्लब १९९१ पासून याच पद्धतीने चालतो. तिथे होम रिसॉर्टला ११ महिने आधी बुकिंग आणि इतर रिसॉर्टना ७ महिने आधी. फोनवर त्या म्हणाल्या, "अगं, जिथं हक्कानं जायचंय तिथलेच घे. जिथं कधीतरी जायचंय तिथं नंतर बघता येतं." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांच्या क्लबात व्हेरो बीच नावाचं समुद्रकाठचं रिसॉर्ट आहे. त्याचे जुने पॉइंट दुसऱ्या सभासदाकडून स्वस्तात मिळतात, पण वार्षिक मेंटेनन्स सगळ्यात जास्त तिथलाच. घेतानाची किंमत एकदाच भरायची असते, मेंटेनन्स मुदत संपेपर्यंत.

आमच्यासमोर चार पर्याय होते: महाबळेश्वर, कोकणात गणपतीपुळ्याच्या बाजूला, गोवा आणि हिमाचल. सेल्समनचा सगळा जोर हिमाचलवर होता. फोटो खरंच सुंदर होते. पण सोलापूरहून तिथे जायचं म्हणजे येण्याजाण्यातच तीन-चार दिवस जातात, आणि आम्ही तिथे आयुष्यात दोनदा जाऊ. मग होम रिसॉर्टचा हक्क कशासाठी? कोकणच्या पॉइंटची किंमत सगळ्यात कमी होती. मी मेंटेनन्सचा तक्ता मागितला, तर दर पॉइंटमागे तोच सर्वात महाग निघाला. खाऱ्या हवेत लोखंड, एसी, खिडक्या सगळंच लवकर जातं, खर्च सभासदांवर पडतो. वन्संनी सांगितलेलं तंतोतंत तेच.

आता आमच्या घरचं. आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा व्यवसाय आहे. सोलापुरात हे काम करणारी पुष्कळ घरं आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको: मार्च ते जून आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. जग मे महिन्यात सुट्टीवर जातं तेव्हा आमच्याकडे रात्री अकरापर्यंत मशिनी चालू असतात. जूनच्या मध्याला शाळा उघडल्या, की उरलेल्या ऑर्डरी आणि मग वसुली. जुलै उजाडला की आम्ही मोकळे. म्हणजे आमची सुट्टी पावसाळ्यातली, आणि पावसाळ्यात पॉइंटचा दर सर्वात कमी असतो.

मी पॉइंटचा तक्ता घरी आणून हिशेब मांडला. आम्ही पाच जण, सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून स्टुडिओ (एकच खोली) नको, वन बेडरूम हवी. महाबळेश्वरला वन बेडरूमच्या एका रात्रीला मे महिन्यात ९० पॉइंट, पावसाळ्यात रविवार ते गुरुवार ३२, शुक्रवार-शनिवारी ४८. म्हणजे त्याच ५०० पॉइंटमध्ये मे महिन्यात पाच रात्री, किंवा जुलैत मधल्या वारी पंधरा.

पैशांचं असं. ४ लाख २० हजार किंमत, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,९५,६००. वीस वर्षांत वाटले तर वर्षाला २४,७८०. मेंटेनन्स १९,००० अधिक जीएसटी, म्हणजे २२,४२०. मिळून ४७,२०० रुपये, म्हणजे एका पॉइंटला ९४ रुपयांच्या वर. जुलैतली रात्र साधारण ३,०२० ला पडते, मे महिन्यातली ८,५०० ला. सेल्समन इथे थांबतो, आपण थांबायचं नाही. ते पाच लाख ठेवीत असते तर ७ टक्क्यांनी व्याज मिळालंच असतं. ते धरून ही रक्कम वीस वर्षांच्या समान हप्त्यांत मांडली की मेंटेनन्ससह वर्षाचा खर्च ६९,००० च्या पुढे जातो आणि पॉइंट १३८ ला पडतो. जुलैतली रात्र ४,४०० च्या घरात, मे महिन्यातली साडेबारा हजारांच्या जवळ. शिवाय मेंटेनन्स दर वर्षी वाढणार, तुम्ही जा किंवा न जा. ज्यांना फक्त मे महिन्यात किंवा दिवाळीतच जाता येतं, त्यांनी हा आकडा समोर ठेवून सरळ हॉटेलचे दर बघावेत. मला तरी त्यांच्यासाठी हा व्यवहार परवडणारा दिसत नाही.

आम्ही महाबळेश्वर घेतलं. "पावसाळ्यात कोण जातं तिथं?" असं तो सेल्समन मुलगा म्हणाला होता. आम्ही जातो. वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावातली माणसं पाच हजारांच्यावर पाऊस पडणाऱ्या गावात जातात, तेव्हा त्यांना बाहेर फिरायचं नसतंच.

२० जुलैला, रविवारी, पहाटे निघालो. पंढरपूर, फलटण, वाई करत दुपारी पोचलो. तीन रात्री, ९६ पॉइंट. बोटिंग बंद, बघायच्या बहुतेक ठिकाणी धुक्याशिवाय काही नाही, स्ट्रॉबेरीचा तर हंगामच नाही. मुलं दिवसभर गॅलरीत. सासूबाई खुर्ची ओढून काचेला लागून बसल्या होत्या, शाल गुंडाळून. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आपल्याकडं चार-चार दिवसांनी नळाला पाणी, आणि इथं बघ गं, कसं वाहून चाललंय." मग पुन्हा गप्प बसून बघत राहिल्या. त्या तीन दिवसांत त्यांनी एकदाही घरी कधी जायचं विचारलं नाही. एरवी दुसऱ्या दिवशीच विचारतात.

खोलीबद्दल खरं ते सांगते. कपाटात ओल होती, गादीला किंचित वास होता, टॉवेल काही केल्या वाळत नव्हते. मी सवयीने टॉवेलची किनार उलटून बघितली, माल आपल्या सोलापूरचाच. वीण घट्ट, धुऊन धुऊनही लोंबलेली नव्हती, बरं वाटलं. रोज दोन जादा टॉवेल मागितले, दिले. पण खोली पहिल्या मजल्यावर दिली आणि लिफ्ट नव्हती. तळमजला हवा हे मी फोनवर सांगितलं होतं, लेखी नव्हतं. सासूबाईंना प्रत्येक जेवणाला जिना चढावा-उतरावा लागला. ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार पंधरा ऑगस्टची. २०२५ ला तो शुक्रवारी आला होता, तीन दिवसांची जोडून सुट्टी. आम्ही फेब्रुवारीत सभासद झालो तेव्हा नऊ महिने आधीची वेळ केव्हाच उलटलेली, सगळं भरलेलं. "वर्षातून केव्हाही, कुठेही" असं आम्हाला सांगितलं होतं. पहिल्या वर्षी नव्या सभासदाच्या हातात उरलेलंच येतं, हे सांगायला हवं होतं.

तिसरी गोष्ट सप्टेंबरची, ती अजून मनातून जात नाही. २६ आणि २७ तारखेच्या रात्री बुक होत्या, वाटेत कासची फुलं दाखवायची होती मुलांना. त्याच आठवड्यात सीना नदीला पूर आला. लांबोटीजवळ पुणे रस्त्यावर पाणी, पुढे जायची सोय नाही. आमच्या कटिंग मास्तरांचं घर मोहोळ तालुक्यात, घरात कमरेएवढं पाणी शिरलं, दोन जनावरं गेली. त्या दिवसांत सहलीचा विचारही मनात नव्हता. बुधवारी बुकिंग रद्द केलं आणि कळलं की सात दिवसांच्या आत रद्द केलं तर सगळे पॉइंट जातात. ९६ च्या ९६. रस्ता बंद असल्याच्या बातम्या, फोटो जोडून तीन मेल पाठवल्यावर ४८ परत आले. पूर आलेला असताना सभासदाला तीन मेल करायला लावणं मला पटलेलं नाही, आणि हे मी त्यांना लिहूनही कळवलंय.

गोव्याचा पर्याय आम्ही रस्त्याच्या हिशेबाने सोडला होता, नऊ-दहा तास लागतात. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं आणि गोवा तासाभरावर आलं. क्षणभर वाटलं, चुकलं आपलं. मग नोव्हेंबरसाठी चार महिने आधी, बुकिंग उघडलं त्याच सकाळी मी फोन घेऊन बसले. वन बेडरूम गोव्याच्या सभासदांनी आधीच नेलेल्या. स्टुडिओ मिळाला, शुक्रवार ते सोमवार, १५० पॉइंट. विमान रोजचं नसल्याने मुक्काम विमानाच्या वारांवर बसवावा लागला. सासूबाई आल्या नाहीत, चौघांना खोली पुरली. तरीही पुन्हा निवडायची वेळ आली तर मी महाबळेश्वरच घेईन. विमानसेवा आज आहे, करार वीस वर्षांचा आहे, आणि गाडी आपली आहे.

घेण्याच्या विचारात असाल तर सही करण्याआधी पॉइंटचा तक्ता आणि मेंटेनन्सचा तक्ता दोन्ही घरी आणा. त्याच दिवशी सही केली तरच सवलत, असं म्हणतील. आम्हाला दुसऱ्या आठवड्यातही तीच सवलत मिळाली. करारात सही मागे घ्यायची मुदत किती ते बघा, आमच्या करारात दहा दिवस होती आणि त्या दहा दिवसांत मी पानन् पान वाचलं. "नंतर विकता येतात" हे तोंडी आश्वासन होतं, करारात फक्त नावावर करून देण्याचं शुल्क होतं. आपल्या देशात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारातलं वाक्य हाच आधार. वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरकराला सोलापुरातच. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

माझ्या खात्यात २०६ पॉइंट उरले. ते पुढच्या वर्षात आपोआप जात नाहीत, ३१ डिसेंबरच्या आत अर्ज करावा लागतो; मी ५ तारखेलाच केला आणि पोच छापून ठेवली. ऑक्टोबरमध्ये, नऊ महिने आधी बुकिंग उघडल्याच्या दिवशीच, पुढच्या जुलैच्या पाच रात्री घेतल्या. वन बेडरूम, तळमजला, या वेळी लेखी. सासूबाईंना तारखा सांगितल्या, तर त्यांनी त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवल्यात.