डीएनडी लावल्यानंतरचे काही महिने: फोन किती शांत झाला?

सुरुवातीलाच सांगतो, डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे जाहिरातींचे कॉल-मेसेज नकोत अशी नोंदणी) लावल्याने नको असलेले फोन पूर्ण थांबत नाहीत. कमी होतात आणि उरलेले कुठल्या जातीचे आहेत ते कळतं. मला दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटला.

पुण्यात फ्लॅट बघायला निघालेल्या माणसाचा नंबर किती हातांतून फिरतो, हे वेगळं सांगायला नको. वाघोलीची एक साइट बघून या, पुनावळे, रावेत आणि मुळशीतले एनए प्लॉट ओळीने मागे लागतात. “सर, संडेला साइट व्हिजिट ठेवू का?” शेवटी कंटाळून पावसाळ्याच्या तोंडावर सगळंच बंद करून टाकलं. १९०९ वर फोन करायचा किंवा त्याच नंबरला इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असा मेसेज पाठवायचा. पैसे पडत नाहीत. सरसकट बंदी नको असेल तर बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य असे गट निवडूनही बंद करता येतात. ओटीपी आणि व्यवहारांचे मेसेज येतच राहतात.

१४० ने सुरू होणारे जाहिरातींचे कॉल जवळजवळ संपले. ते नोंदणी केलेले लोक, नियम मोडले तर त्यांना महागात पडतं. खरा वैताग साध्या दहा आकडी नंबरवरून विकणाऱ्यांचा. तिथे नुसतं ब्लॉक करून भागत नाही, उद्या तोच माणूस दुसऱ्या सिमवरून हजर. म्हणून मी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, डीएनडी ॲपमधून तक्रारी करू लागलो. नियमांतल्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर हे सोपं झालंय: कॉल आल्यापासून ७ दिवसांत तक्रार करता येते (आधी ३ दिवस होते), आणि एका नंबरविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी झाल्या की कारवाईची वेळ येते. डीएनडी नसलेल्यालाही अशा बिननोंदणीच्या नंबरांविरुद्ध तक्रार करता येते. म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर “मलाही याचाच फोन आला” असं लिहिणाऱ्या पाच जणांनी तेवढ्याच वेळात तक्रार टाकली तर काम होतं. आमच्याकडे लिहितात सगळे, टाकतात दोघं.

ॲप मात्र दिव्य आहे. कधी कॉलची यादीच उघडत नाही, कधी तक्रारीचं पुढे काय झालं ते कळत नाही. आणि ज्या कंपनीला आपण स्वतः संमती दिली आहे, तिला डीएनडी अडवत नाही. प्रदर्शनातलं लकी ड्रॉचं कूपन भरताना हे ध्यानात असू द्या. फोन कोणाचा ते दाखवणारी खासगी ॲप्स मी मुद्दाम घेतली नाहीत, आपल्यासोबत नातेवाइकांचे नंबरही त्यांच्या हवाली करायची माझी तयारी नाही.

आता भामट्यांचं. त्यांना डीएनडीशी देणंघेणं नाही, पण बाकीचा गोंगाट कमी झाल्याने ते चटकन उघडे पडतात. सासऱ्यांना फोन आला की ट्रायकडून बोलतोय, दोन तासांत नंबर बंद होणार, नऊ दाबा. ट्राय कोणाचाही नंबर बंद करायला फोन करत नाही. सासऱ्यांनी “मराठीत बोला” एवढंच लावून धरलं, शेवटी पलीकडचाच कंटाळला. ‘डिजिटल अरेस्ट’ (व्हिडिओ कॉलवरून केलेली खोटी ‘अटक’) नावाची गोष्ट कायद्यात कुठेही नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. “आज रात्री वीज कापणार” हा मेसेज आणि गॅसबिलाच्या किंवा चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके (ॲप बसवणारी) फाइल, दोन्ही न उघडता उडवायची.

असे नंबर मी ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सोयीत कळवतो. पण ती सोय संशयापुरती. पैसे गेलेच तर तिथे वेळ न घालवता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितका लवकर तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत अडवली जाण्याची आशा जास्त.

व्हॉट्सॲप कॉलवर डीएनडीचा काही उपयोग नाही, त्यासाठी तिथल्या सेटिंगमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू केली आहे. साध्या कॉलसाठी तसं केलं नाही, कारण सिलिंडरवाला आणि कुरिअरवाला दोघंही दर वेळी नव्याच नंबरवरून फोन करतात.