सीलिअ‍ॅक आहे? लिपबाम, लोशन आणि उटणे निवडताना

सीलिअ‍ॅक या आजारात बिघाड होतो तो ग्लुटेन (गहू, जव, राय यांतले प्रथिन) आतड्यात पोहोचल्यावर. त्याचे रेणू मोठे असतात, ते त्वचेतून शोषले जात नाहीत. त्यामुळे दोन वस्तूंपैकी एक निवडताना आधी हेच बघावे: ही तोंडात जाईल का?

लिपस्टिक, लिपबाम जातेच. वापर दिवसाला सरासरी २४ मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यातला गव्हाचा अंश थोडाच. बहुतेक रुग्णांना दिवसभरात १० मिलिग्रॅमच्या खालचे ग्लुटेन सोसते, म्हणून चुकून एकदा लागले तर घाबरू नये. पण रोज ओठांवर लावायची वस्तू ग्लुटेन-फ्रीच घ्यावी. जास्तीचे पैसे घालायचे ते इथे.

अंगाला लावायचे लोशन किंवा शाम्पू मात्र साधा चालतो. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेल्या महागड्या बाटलीने आतड्याला वेगळा फायदा होत नाही. हाताच्या क्रीमचे तसे नाही, कारण आपण हातानेच जेवतो. एक तर ते ग्लुटेन-फ्री घ्या, नाहीतर जेवणाआधी साबणाने हात धुवा. बोटे चोखणाऱ्या मुलासाठी पहिलाच पर्याय बरा.

उटण्यात खरी मेख आहे. तयार पुड्यावर ‘गोधूम’ म्हणजे गहू, ‘यव’ म्हणजे जव. यातले काही दिसले तर तो पुडा नको. घरच्या उटण्यात मसूरडाळ, मुलतानी माती, आंबेहळद असे निर्धोक जिन्नस घालता येतात, पण डाळ गिरणीत दळली की जात्यातले गव्हाचे पीठ त्यात मिसळते. निवडलेली डाळ घरच्या मिक्सरवर दळा. कोरडी पूड चेहऱ्याजवळ उडवू नका: नाकातोंडात गेलेली धूळ गिळली जाते. आधी वाटीत पाण्यात किंवा दह्यात कालवा, मग लावा. तयार पुड्यापेक्षा हेच आम्हाला जास्त भरवशाचे वाटते.

वेष्टनावर ट्रिटिकम (गहू), हॉर्डियम (जव), सिकेल (राय) आणि ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’ शोधा. अव्हेना म्हणजे ओट्स. त्यात गव्हाची भेसळ सहज होते, म्हणून ओठांसाठी टाळावे. भारतात ‘ग्लुटेन-फ्री’साठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण ती खाद्यपदार्थांची. प्रसाधनाच्या वेष्टनावर नुसते तेवढे शब्द असतील तर कंपनीला विचारा: तयार माल तपासता का, आणि किती मर्यादेपर्यंत?

गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार आहे, त्यात त्वचेवरचा गहूही बाधतो. जपानमध्ये गव्हाचे प्रथिन असलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना अशी अ‍ॅलर्जी जडली. २०११ मध्ये तो साबण परत मागवला गेला. सीलिअ‍ॅकबरोबर अ‍ॅलर्जीही असेल तर लोशनसुद्धा गहू नसलेलेच हवे.

कोपर, गुडघे, ढुंगणावर खूप खाजणारे बारीक फोड येत असतील तर ते डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस असू शकते. ते खाण्यातल्या ग्लुटेनमुळे होते. अशा वेळी क्रीम बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.