सेंद्रिय किराणा: काही महिन्यांच्या वापरानंतरचे मत

गेले काही महिने घरातले धान्य, डाळी आणि मिळेल तेवढी भाजी मी सेंद्रिय घेते आहे. चवीचे आधीच सांगते: पालेभाज्यांत कधीकधी फरक जाणवला, डाळींत आणि साखरेत मुळीच नाही.

खरेदीत सर्वाधिक वेळ गेला तो पाकिटावरचा मजकूर वाचण्यात. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’ असल्या शब्दांमागे बहुधा कसलीही तपासणी नसते, म्हणून मी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव शोधते. तयार पदार्थांत आणखी एक मेख आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान 95 टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात, तर ‘सेंद्रिय घटकांपासून बनवलेले’ असे लिहायला 70 टक्के पुरतात. शिवाय सेंद्रिय शेतीत फवारणीच होत नाही, हाही गैरसमज आहे. गंधक आणि तांब्याची काही संयुगे तिथेही चालतात.

खरी कसोटी लागली ती साठवणुकीत. धुरी न दिलेल्या धान्यात सोंडे लवकर होतात, आणि अंडी डोळ्यांना दिसत नसल्याने निवडून, चाळून भागत नाही. आता नवे धान्य हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवते. त्याने किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र धान्य खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार दाण्यांवर हवेतली वाफ जमते आणि सोंड्यांऐवजी बुरशी पदरी पडते. ती अधिक वाईट, कारण शेंगदाणे किंवा मका यांवर वाढणाऱ्या काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. असे दाणे निवडत न बसता सरळ टाकून देते, मग ते कितीही महाग असोत.

सेंद्रिय शिक्का माल कसा पिकवला एवढेच सांगतो, त्यावर जंतू आहेत की नाहीत याची हमी देत नाही. 2011 साली जर्मनीत ई. कोलाय जंतूंच्या साथीत 50 हून अधिक माणसे दगावली. तिचा माग एका सेंद्रिय शेतावर तयार झालेल्या मोडांपर्यंत गेला. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, म्हणून मोडाची कडधान्ये आमच्याकडे आता शिजवूनच खाल्ली जातात.

भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुते; साबण लावत नाही. खाण्याच्या सोड्याबद्दल बरेच बोलले जाते. 2017 साली सफरचंदांवर झालेल्या एका प्रयोगात सोड्याच्या पाण्याने सालीवरचे एक कीटकनाशक आणि एक बुरशीनाशक ही दोन्ही साध्या पाण्यापेक्षा चांगली निघाली, पण त्याला 12 ते 15 मिनिटे लागली आणि आत मुरलेला अंश राहिलाच. रोजच्या घाईत मी तो खटाटोप करत नाही.

फ्रीजमध्ये ठेवलेला छोटा तापमापक ही या काळातली सर्वांत उपयोगी खरेदी ठरली. तापमान 5 अंशांखाली हवे. दाराजवळच्या कप्प्यात ते बऱ्याचदा अधिक भरते, म्हणून दूध आत सरकवले. शिजवलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जातो, कारण त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि त्यांनी एकदा सोडलेले विष पुन्हा गरम करून जात नाही.

पालेभाज्या आणि सालीसकट खायची फळे यापुढेही सेंद्रियच घेईन. साखर आणि जाड सालीची फळे मात्र पुन्हा साधी आणू लागले आहे.