अनसबस्क्राइब की स्पॅम?

जळगावच्या माझ्या मावशीच्या फोनवर ठिबक, बियाणं, साड्या अशा जाहिरातींच्या मेलचा ढीग साचला होता. ती सरसकट सगळ्यांना ‘स्पॅम’, म्हणजे नकोसे फालतू मेल, ठरवायची. मला ते पटत नाही. केळीच्या भावाचे मेल आपणच मागवलेले असले आणि त्यांना स्पॅम ठरवलं, तर त्याच पाठवणाऱ्याचा उद्याचा कामाचा मेलही स्पॅममध्ये जाऊ शकतो आणि जीमेलमध्ये ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो.

‘अनसबस्क्राइब’ केलं की पाठवणाऱ्याच्या यादीतूनच नाव निघतं. जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल धाडणाऱ्यांना २०२४ पासून जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकची ही सोय द्यावीच लागते. बटण वरच, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ दिसतं, तेच दाबा.

अनोळखी मेलमधल्या लिंकला मात्र हात लावू नका. आपला पत्ता चालू आहे, हे त्यांना कळतं. तिथे स्पॅमच बरं.